पुंगळीतला प्रतिध्वनी

तंजावरहून तिरुवैयारु अवघं १३ किलोमीटर, पण तेवढ्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाच्या नावातच ते आहे: ऐ म्हणजे पाच, आरु म्हणजे नदी, पुढे मानाचं तिरु. मी हा रस्ता मोटरसायकलवरून पार केला तेव्हा माझं लक्ष मात्र नद्यांकडे नव्हतं, पुलांच्या कठड्यांकडे होतं. कठडा सुरू झाला की सायलेन्सरचा आवाज दोन्ही बाजूंनी अंगावर यायचा; कठडा संपला की भातखाचरांत पांगून जायचा. पाच पूल, पाच वेळा तोच खेळ.

गाडी मूळची थंडरबर्ड ३५०. पुण्यात तिचं मागचं मडगार्ड कापलं, हँडल उंच केलं, सीट चार बोटं खाली आणली. क्रूझर म्हणजे पाय पुढे टाकून आरामात रेलायची गाडी. ती अजून रेलकी केली एवढंच. आणि कंपनीच्या लांब सायलेन्सरच्या जागी बसवली एक हातभर लांबीची सरळ नळी. विकणाऱ्याने "आवाज बघा फक्त" एवढंच सांगितलं आणि मीही तेवढंच बघितलं. खंबाटकीच्या चढावरच हिशेब कळला. जी गाडी तिथे तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढायची, ती दुसरा मागायला लागली. आवाज दुप्पट, दम पाऊणपट. मग पुढचे हजारेक किलोमीटर मी एकच प्रश्न चघळत आलो: नुसती नळी बदलली, इंजिनाला हातही लावला नाही, तर ताकद गेली कुठे?

उत्तराचं टोक सापडलं ते देवळात. तिरुवैयारुच्या पंचनदीश्वराला तमिळमध्ये अय्यारप्पर म्हणतात. त्याच्या प्राकारात एक जागा आहे. तिथे उभं राहून ‘अय्यारा’ अशी हाक मारायची. ती सात वेळा परत येते, असं गावकरी सांगतात. मी हाक मारली. मला पाच मोजता आल्या, सहावीच्या आत शाळेची सहल येऊन पोचली आणि चाळीस पोरांनी एकदम अय्यारा केलं. त्यानंतर मोजणार काय!

पण त्या पाच हाकांत बरंच काही आहे. तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावतो. मूळ हाक आणि परतलेली हाक कानाला वेगवेगळ्या कळायच्या, तर मध्ये सेकंदाचा दहावा भाग तरी जावा लागतो. म्हणजे भिंत किमान १७-१८ मीटर दूर हवी. इतक्या मोठ्या प्राकारात समोरासमोर भिंती मिळाल्या की हाक चेंडूसारखी टोले खात राहते, दर टोल्याला थोडी थकत. मोटरसायकलच्या पुंगळीत नेमकं हेच चालू असतं. फक्त तिथली भिंत पाऊण मीटरवर असते, आणि ती भिंत नसून भोक असतं.

हे जरा सावकाश पाहायला हवं.

आपल्याकडे मोटरसायकलला फटफटी म्हणत. तो शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला त्याचा कान तिखट असणार, कारण फट आणि फट यांच्यामधली शांतता त्याने ऐकली होती. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. एक सिलिंडर, मिनिटाला हजार फेऱ्या, म्हणजे सेकंदाला आठ फट. माणसाचा कान सेकंदाला वीसच्या खालची कंपनं सूर म्हणून ऐकत नाही, ठोके म्हणून मोजतो. म्हणून उभी बुलेट डग-डग करते. फेऱ्या २४०० च्या पुढे गेल्या की सेकंदाला वीस ठोके पुरे होतात आणि डग-डग हळूहळू सुरात विरघळायला लागते. बुलेटवाले गाडी मंद सोडून चहा पीत उभे राहतात, त्यामागे हे गणित आहे.

आणि गंमत म्हणजे आपण ऐकतो तो स्फोटाचा आवाजच नव्हे. पेट्रोल पेटून, पिस्टनला खाली ढकलून मोकळं झालेलं असतं. त्यानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत अजून बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब उरलेला असतो. तो दार उघडताच बाहेर झेपावतो. फट हा दार उघडल्याचा आवाज.

आता ही दाबाची लाट बेंड पाइपमधून निघते. वायू तापलेला, पाचशे अंशांच्या घरात, त्यामुळे लाटेचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटर. पाऊण मीटरवर बेंड पाइप संपतो आणि सायलेन्सरचं रुंद पोट सुरू होतं. इथे लाट निघून जायला हवी ना? पुढे तर मोकळं आहे. पण ती परत येते. सगळी नाही, पण बरीचशी.

दादरला लोकल थांबते तेव्हा काय होतं आठवा. दाराशी माणसं खच्चून उभी. दार मोकळं मिळताच पुढचे उड्या टाकतात. त्यांच्या जागी पोकळी होते, त्यात त्यांच्या मागचे सरकतात, मग पोकळी त्यांच्या मागे जाते, मग आणखी मागे. माणसं दाराकडे चालली आहेत, रिकामेपण मात्र डब्याच्या आतल्या बाजूला प्रवास करतंय. नळीच्या उघड्या तोंडाशी वायूचं असंच होतं. दाबाची लाट बाहेर सांडते आणि तिच्या जागी विरळपणाची लाट उलट्या दिशेने, इंजिनाकडे, धावत सुटते. देवळाच्या भिंतीवरून हाक हाकेसारखीच परत येते. उघड्या तोंडावरून ती उलटी होऊन येते: ढकलणारी गेली होती, ओढणारी आली.

ही ओढणारी लाट फुकटचा पंप आहे. एक्झॉस्टच्या शेवटी एक क्षण असा असतो की जळका वायू जायचा व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नाही आणि ताजं मिश्रण यायचा व्हॉल्व्ह उघडू लागलाय. नेमक्या त्या क्षणी विरळ लाट दाराशी आली, तर ती उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला हात देते. चुकून दाबाची लाट आली, तर धूर परत आत ढकलला जातो.

हिशेब करून बघा. पाऊण मीटर जाणं, पाऊण मीटर येणं: दीड मीटरला जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना एका फेरीला २० मिलिसेकंद लागतात, आणि व्हॉल्व्ह उघडल्यापासून त्या मोक्याच्या क्षणापर्यंत साधारण १३. म्हणजे तेवढ्या वेळात लाटेचे चार-पाच हेलपाटे होतात. पहिला हेलपाटा ओढणारा, दुसरा ढकलणारा, तिसरा ओढणारा, असं आलटून पालटून. पाचवा मोक्याला आला तर गाडी खूश, चौथा आला तर नाराज. फेऱ्या बदलल्या की नंबर बदलतो, नळीची लांबी बदलली की नंबर बदलतो. मी देवळात हाका मोजत होतो, माझी गाडी पूर्ण वेळ तेच मोजत होती, आणि मी तिची मोजपट्टी कापून हातभर केली होती.

गॅरेजात यावर एक ठरलेलं वाक्य मिळतं: "बॅक प्रेशर गेलं." निदान बरोबर, कारण चूक. मागून रेटणारा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो वेग आणि वेळ. नळी अरुंद असली की वायू वेगाने जातो आणि मागच्याला ओढून नेतो. रुंद केली की सुस्तावतो. शर्यतीची गाडी आठ-दहा हजार फेऱ्यांवर पळते, तिच्याकडे वायूच इतका असतो की रुंद नळी लागते. क्रूझरचा सगळा जीव अडीच ते चार हजारांत. तिला शर्यतीची नळी लावणं म्हणजे बैलगाडीला घोड्याची नाल. (टू-स्ट्रोकची गोष्ट याहून अजब. आरएक्स १०० चा फुगीर सायलेन्सर परतणाऱ्या लाटेने बाहेर निसटलेलं पेट्रोल पुन्हा आत कोंबतो. तिथे पुंगळी म्हणजे दुसरा पिस्टनच. पण तो निराळा लेख.)

सायलेन्सरच्या पोटात काय असतं हे मी एकदा कोल्हापुरात उघड्यावर पाहिलं आहे. मिस्त्रींनी सडलेला एक जुना कंपनी सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरला, मासा चिरावा तसा. आत काजळीने काळे तीन कप्पे, मध्ये पत्र्याचे पडदे, पडद्यांतून आरपार गेलेल्या आखूड नळ्या. पण एकही नळी सरळ रेषेत नाही. पहिल्या नळीतून आलेला वायू शेवटच्या कप्प्यात जाऊन आपटतो, उलट फिरून मधल्या कप्प्यात येतो, तिथून पुन्हा वळून बाहेर. "वाड्यासारखं आहे बघा," मिस्त्री म्हणाले, "सदरेतून थेट माजघरात जाता येत नाही." प्रत्येक वळणावर लाटेचा थोडा भाग परततो, आणि कप्प्यांची मापं अशी काढलेली असतात की परतणारा उंचवटा येणाऱ्या खळग्यावर पडावा. दोघं एकमेकांना खातात. आवाज दाबलेला नसतो, आवाजाकडूनच आवाज मारलेला असतो.

बाजारात मिळणाऱ्या सरळ नळ्यांची पद्धत दुसरी. मध्ये भोकाभोकांची जाळीची नळी आणि तिच्याभोवती ठासलेली ग्लासवूल. वायू सरळ निघून जातो; आवाज भोकांतून बाजूच्या लोकरीत शिरतो आणि तंतू हलवून हलवून उष्णता होऊन संपतो. ही लोकर तीक्ष्ण, उंच आवाज छान खाते, जाड खर्ज फारसा नाही. आणि ती जळते. काही हजार किलोमीटरनंतर नळीचा आवाज पत्र्यासारखा चिरका झाला तर समजा की आतली लोकर धुराबरोबर गावोगाव वाटून झाली.

माझ्या नळीत लोकरही नव्हती. मोबाइलच्या उजेडात आत डोकावलं तर आरपार दिसलं. सायलेन्सर कसला, तोफेची नळी ती.

आता तिरुवैयारुला आलेल्या माणसाने नळीबद्दल विचार करायचा आणि नादस्वराबद्दल, म्हणजे दक्षिणेतल्या सनईच्या लांब भावंडाबद्दल नाही, हे शक्यच नाही. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) इथेच राहिले, इथेच त्यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला कावेरीकाठी त्यांची आराधना होते आणि तिची सुरुवात नादस्वराने होते. त्यांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर भोसले होते, आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारात देशी वाद्यांच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता. नळीत फुंकून आवाज काढायचं शास्त्र या जिल्ह्याला नवं नाही. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै गावी आजही नादस्वरं घडतात. २०२२ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड आच्चा, म्हणजे आपला अंजन, आणि तोही जुन्या घरांच्या वाशा-खांबांतून निघालेला, कारण ताजं लाकूड तडकतं.

नादस्वराचे दोन प्रकार. आखूड ती तिमिरी, तिचा आवाज उंच आणि टोकदार. लांब ती बारी, तिचा खाली उतरलेला, भरदार. जुना जमाना तिमिरीचा होता, कारण माइक नसताना मिरवणुकीत दूरवर ऐकू जायला टोकच लागतं. तिरुवावडुदुरैच्या टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात नरसिंगमपेट्टैच्या रंगनाथन आचारींकडून लांब नळी घडवून घेतली, आणि आता मैफलीत बारीच ऐकू येते. त्या काळचा सर्वांत मोठा नादस्वरवादक, हवं ते वाद्य मागू शकत होता. त्याने लांब नळी मागितली. आणि नादस्वराच्या टोकाला जी कर्ण्यासारखी वाटी असते, अणसु, ती बाहेरच्या हवेला आवाज सहज सोपवते, म्हणून वाद्य मोठं वाजतं. बुलेटच्या बाजारातला मेगाफोन सायलेन्सर म्हणजे हीच वाटी, फक्त राग आणि ताल वजा करून.

मोठा आवाज आणि खोल आवाज हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि दुकानात ते एकाच नावाने विकले जातात. सगळी गफलत इथे आहे.

डेसिबलचं गणित कानाला फसवणारं. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट, कानाला मात्र ‘दुप्पट झाला असेल’ एवढंच वाटतं. वीस वाढले म्हणजे शंभरपट: तशाच शंभर मोटरसायकली एकदम उभ्या केल्यासारखं. आपल्या नियमांनुसार १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना चालत्या गाडीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. माइक गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर ठेवलेला असतो. पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था १९६६ पासून गाड्या तपासते, तिथे असल्या चाचण्या होतात. पण आवाज मोजणारं यंत्रही माणसाच्या कानाची नक्कल करतं. कान खर्जाला बहिरा, म्हणून यंत्र ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. मधले आणि उंच आवाज मात्र जवळपास पुरे मोजले जातात. याचा अर्थ असा की डग-डगची खोली राखून तडतड काढून टाकता येते, आणि तसं केलं की शेजाऱ्याची झोप आणि आपली छाती दोन्ही शाबूत राहतात. कोल्हापूरकडे ‘नादखुळा’ ही दाद असते. पण चौकात फटाक्यासारखा फुटणारा आवाज म्हणजे नुसतं खूळ, त्यात नाद नाही.

आवाजाचं मोल मोठ्या कंपन्याही ओळखून आहेत. हार्ले-डेव्हिडसनच्या दोन सिलिंडरांमध्ये ४५ अंशांचा कोन असतो, त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत; एक ३१५ अंशांनी, पुढचा ४०५ अंशांनी. लंगडी घातल्यासारखी ती लय. १९९४ मध्ये कंपनीने या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला, स्पर्धकांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये तिने अर्ज मागे घेतला. आपली बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. तिचा कारखाना उभा राहिला तिरुवोट्टियूरला. त्याच तिरुवोट्टियूरच्या त्रिपुरसुंदरीवर त्यागराजांनी पाच कीर्तनं रचली आहेत. योगायोगच, पण कावेरीच्या पायऱ्यांवर बसून आठवला तेव्हा हसू आलं.

मग निवडायचं काय? कंपनीच्या बेंड पाइपपेक्षा रुंद तोंडाची नळी घेऊ नका, हे पहिलं. लांब बाटली, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, डॉल्फिन, इंदोरी, पंजाबी अशी नावं दुकानात ऐकाल. नावाकडे नको, पोटाकडे बघा. पोट मोठं आणि लांब असेल तर आवाज खाली उतरतो आणि दमही टिकतो. आत डोकावून आरपार दिसलं तर तिथूनच परत फिरा. आतली जाळी, जिला डीबी किलर म्हणतात, स्क्रूने बसवलेली असावी आणि तिथेच राहावी. लोकरीची नळी असेल तर लोकर बदलून मिळते का ते आधी विचारा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर जेट तपासून घ्या. नळी मोकळी झाली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, बेंड पाइप निळा पडतो आणि थ्रॉटल सोडताच फटाके वाजतात. पोरांना ते भूषण वाटतं. ती खरं तर गाडीची तक्रार असते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, प्लॅटिनम जातीच्या महागड्या धातूंचा लेप दिलेला. पूर्ण सिस्टीम बदलताना तोच काढून फेकला जातो, आणि त्याच्यासाठी जीव तोडून मी तरी भांडेन.

कायदा स्पष्ट आहे. नोंदणीतल्या मूळ रचनेला छेद देणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२): दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. जप्त पुंगळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतातच. ‘बाजारात उघड मिळते’ म्हणजे ‘रस्त्यावर चालते’ असं नाही.

मी परतल्यावर ती हातभर नळी काढली. माळ्यावरचा कंपनीचा सायलेन्सर उतरवला, गंज खरवडला, नवीन गॅस्केट घातलं. पुढच्याच रविवारी खंबाटकीला गाडी तिसऱ्यात चढली. तेव्हा नळी कुठलीही निवडा, पण जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक किमतीच्या आधी त्याचीच चौकशी करतं.